हे माझं कबूतर नाही

सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर इंग्रजीतून उत्तर द्यायचं, एवढंच मी ठरवलं होतं. तेवढ्या एका निर्णयामुळे आमचं घर तळेगावात इतकं प्रसिद्ध होईल, असं मला वाटलं नव्हतं.

दोष आमच्या नव्या साहेबांचा. मी एमआयडीसीतल्या एका कारखान्यात डिस्पॅचला आहे. हे साहेब बरीच वर्षं इंग्लंडमध्ये काढून आलेले. ट्रक का अडकला असं कोणी विचारलं, की ते शांतपणे म्हणतात, "दॅट्स नॉट माय पिजन." म्हणजे हे माझं काम नाही. हेच आम्ही मराठीत म्हटलं की मेमो मिळतो. साहेब कबुतरावर ढकलतात आणि सगळे आदराने मान हलवतात.

मी घरी येऊन मोबाइलवर शोधलं, तर इंग्रजांचं कबुतरावाचून पानच हलत नाही. फायली ठेवायच्या खणाला कबुतराचं भोक. चुगलखोराला स्टूल पिजन. एक मुलगा आणि एक मुलगी झाली तर कबुतरांची जोडी. आपली तूरसुद्धा त्यांच्या लेखी कबुतराचा वाटाणा. (आपण पिढ्यान्‌पिढ्या कबुतरांच्या ताटातलं वरण ओरपतोय, हे कळल्यावर मी पहिल्यांदा नम्रपणे जेवलो.)

बायकोला, म्हणजे राजेश्वरीला, मी हे ज्ञान देऊ केलं. ती योग शिकवते. सोसायटीचा हॉल सकाळच्या वर्गाला मिळावा म्हणून तिने अर्ज केला होता आणि रविवारी कमिटीची मीटिंग होती. हॉल मिळाला नसता, तर तिचा वर्ग बंदच पडला असता. भाड्याची जागा सुटली होती.

"रविवारपर्यंत ग्रुपवर काही लिहू नका," ती म्हणाली. "शुभ सकाळसुद्धा नको."

मी कबूल केलं आणि अर्थातच दुसऱ्या दिवशी लिहिलं. पण सुरुवात चेअरमन अमृतरावांनी केली. आमच्या बाल्कनीबाहेरच्या एसीच्या डब्यावर कबुतरं बसतात आणि बरोबर खाली अमृतरावांची पांढरी गाडी असते. (आता ती पूर्ण पांढरी नव्हती.) त्यांनी लिहिलं, "सुहासराव, तुमच्या कबुतरांचा बंदोबस्त करा."

एवढी सोन्यासारखी संधी पुन्हा कधी येणार? मी लिहिलं, "सॉरी, धिस इज नॉट माय पिजन."

लगेच सेक्रेटरी गौरवने फोटो टाकला. एसीचा डबा, त्यावर कबूतर, शेजारी दोरीवर माझं बनियन.

अमृतराव म्हणाले, "कबूतर तुमचंच आहे. बनियनवरून घर ओळखू येतंय."

"पाळलेलं आहे का?" शेजारच्या शहनाजभाभींनी विचारलं. "नाव काय ठेवलंय?"

मी समजावून सांगायला हवं होतं. पण फोटो काढणाऱ्या गौरवचा मला राग आला होता आणि इंग्रजी अजून शिल्लक होतं. मी लिहिलं, "गौरव इज अ स्टूल पिजन."

मग गौरवच्या बायकोचं, ज्योत्स्नाचं उत्तर आलं. स्टेशनजवळ तिची पॅथॉलॉजी लॅब आहे. "काका, स्टूलचं सँपल सकाळी आणायचं. पण आमच्याकडे फक्त माणसांचं तपासतात."

खाली अमृतराव: "घाण त्यांच्याच कबुतराची असल्याचं सुहासरावांनी मान्य केलं आहे. सर्वांनी नोंद घ्यावी."

राजेश्वरीने स्वयंपाकघरातून फक्त माझ्याकडे पाहिलं. मी वातावरण निवळावं म्हणून शेवटचं वाक्य लिहिलं. गौरवने फोटो टाकून उगाच खळबळ उडवली, एवढंच मला म्हणायचं होतं. इंग्रजीत त्याला कबुतरांमध्ये मांजर सोडणं म्हणतात. मी ते तसंच लिहिलं.

दोन मिनिटांत दाराची बेल वाजली. शहनाजभाभी उभ्या होत्या, कडेवर बेगम. अख्ख्या सोसायटीत मांजर एकच आणि ते त्यांचं.

"सुहासभाई, माझी बेगम उंबरा ओलांडत नाही," त्या म्हणाल्या. "ती कशाला जाईल तुमच्या कबुतरांमध्ये? उकडलेल्या चिकनशिवाय काही खात नाही ती. तुम्ही सगळ्यांसमोर तिच्यावर आळ घेतलात."

बेगमने माझ्याकडे पाहून तोंड फिरवलं. भाभी कमिटीवर होत्या आणि राजेश्वरीची सगळी भिस्त त्यांच्या मतावर होती. भाभी गेल्यावर राजेश्वरीने माझा मोबाइल घेतला आणि तांदळाच्या डब्यात ठेवला. त्या क्षणी मला खरंच वाईट वाटलं. तिची एवढ्या वर्षांची मेहनत मी फुकटच्या इंग्रजीवर घालवली होती.

रविवारी मी मीटिंगला गेलो ते सगळं निस्तरायलाच. अमृतराव म्हणाले, "कबुतरवाल्यांचा विषय आधी घेऊ."

मी उठलो. "मला असं एका साच्यात बसवू नका," हे मराठीत सांगायचं मी पाठ करून गेलो होतो. तोंडातून निघालं, "प्लीज, डोंट पिजनहोल मी."

अमृतरावांनी चष्मा काढला. "होल? भिंतीला भोकसुद्धा पाडलंय?"

सगळी कमिटी आमच्या बाल्कनीत आली. भोक सापडलं नाही. मात्र एसीच्या डब्यामागे काटक्यांचं घरटं सापडलं आणि त्यात दोन अंडी. शहनाजभाभींचा चेहराच बदलला.

"बाळंतीण आहे बिचारी," त्या म्हणाल्या. "आता पिल्लं उडेपर्यंत कोणी हात लावायचा नाही."

"आणि माझी गाडी?" अमृतरावांनी विचारलं.

तेव्हा राजेश्वरी पुढे झाली. "पिल्लं उडेपर्यंत तुमची गाडी रोज सकाळी हे धुतील. खालच्या ओळीतल्या सगळ्याच गाड्या धुतील. नंतर मी जाळी लावून घेते. फक्त हॉल मला द्या."

तिने मला विचारलं नाही. विचारण्यासारखं माझ्याकडे काही उरलंही नव्हतं. भाभींनी हात वर केला, गौरवने केला, शेवटी अमृतरावांनीही केला. आमच्याकडे इतक्या एकमताने ठराव आजवर झालेला नाही.

दुसऱ्या दिवशी वॉचमन कोंडाजीआबांनी बादली आणून दिली. "आमच्या नवलाख उंबरे गावात आमी गुरांचे मालक लय बगितले," ते म्हणाले. "कबुतराचा मालक पयल्यांदाच बगतोय."

राजेश्वरीचा वर्ग आता जोरात चालला आहे. कामशेतहूनसुद्धा बायका येतात. तिची एकच अडचण होती. शेवटच्या हास्ययोगात बायकांना खोटं हसायला जमायचं नाही, कोणीतरी लाजायचं, कोणी खोकायचं. आता तिने सतरंज्या फिरवून सगळ्यांची तोंडं पार्किंगकडच्या खिडकीकडे केली आहेत. मी बादली घेऊन येतो, बोनेट पुसायला वाकतो, आणि वरून काहीतरी माझ्या टकलावर पडतं. त्यानंतर म्हणे वर्गाला वेगळी सूचना द्यावी लागत नाही.