टबातली तालीम

लहान मुलाला काही समजावून सांगायचं असेल ना मंडळी, तर ते काम माझ्याकडे द्या आणि निर्धास्त झोपा! उभा जन्म मी पहिलीच्या वर्गासमोर काढला आहे. भोकाड पसरणारी, पेन्सिल नाकात घालणारी, दप्तरातून जिवंत बेडूक आणणारी, सगळी मुलं माझ्या हाताखालून वाचायला शिकून गेली. म्हणून माझ्या मुलीने दुसरं बाळंतपण घरीच करायचं ठरवलं आणि "भिंगरीला तयार करायचं काम बाबांचं" असं जाहीर केलं, तेव्हा मी मिशीला पीळ दिला. मला मिशी नाही, तरी दिला!

भिंगरी म्हणजे माझी नात. वय पहिलीचं, वेग वादळाचा. एका जागी बसलेली ती मी फक्त फोटोत पाहिली आहे.

तिची आई, म्हणजे माझी मुलगी, लोकांना गाडी चालवायला शिकवते. शिकाऊ माणूस गाडी थेट भिंतीवर घालायला निघालेला असतो आणि ही शेजारी बसून विचारते, "आता आपण ब्रेक लावू या का?" इतकी थंड डोक्याची पोर! पण पहिल्या बाळंतपणाची आठवण निघाली की तिचा आवाज बदलायचा. सगळं सुखरूप झालं होतं, तक्रार कसलीच नव्हती. पण लख्ख दिवे, अनोळखी चेहरे, नवरा दाराबाहेर आणि "बाई, तुला कसं हवंय?" हे विचारायला कुणाला सवड नाही. "या खेपेला माझ्या खोलीत, माझ्या माणसांत," ती म्हणाली. एवढीच तिची इच्छा होती.

मग सुईणबाई आल्या. रीतसर शिकलेल्या, कामात मुरलेल्या. त्यांच्या बॅगेत एवढं सामान होतं की छोटा दवाखाना त्यातच बसला असावा. त्यांनी तपासण्या केल्या, डॉक्टरांशी बोलल्या, जवळच्या दवाखान्याचा रस्ता स्वतः गाडीने जाऊन पाहिला. मग म्हणाल्या, "तब्येत उत्तम आहे. घरी करायला माझी ना नाही. पण शेवटच्या भेटीत मी घर बघणार. पाणी, जागा आणि माणसं. माणसं घाबरट निघाली तर सरळ दवाखान्यात. कबूल?"

"कबूल!" सगळ्यांत मोठ्याने मीच म्हणालो. सुईणबाईंनी माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं. तेव्हा मला तो कौतुकाचा भाग वाटला.

जाताना त्या हवा भरून फुगवायचा एक भलामोठा टब देऊन गेल्या. कोमट पाण्यात बसलं की कळा सोसायला सोप्या जातात म्हणे. "एकदा भरून बघा. नळी नळाला बसते का, गरम पाणी पुरतं का, आधीच कळलेलं बरं."

शेवटच्या भेटीचा दिवस उजाडला. सुईणबाई संध्याकाळी येणार होत्या. मुलगी गाडी शिकवायला गेलेली, जावई बेकरीत पाव भाजायला. दुपारी घरात मी, भिंगरी आणि टब!

टब फुगवला, नळी बसली, कोमट पाणी भरलं. सगळं झकास. एवढ्यात भिंगरीने पाण्यात बोट फिरवत हळूच विचारलं, "आजोबा, आई ओरडली तर मी घाबरायचं का?"

बघा, हा खरा प्रश्न! त्या वयात असा प्रश्न विचारायला धीर लागतो. मी म्हणालो, "अजिबात नाही. जड कपाट ढकलताना आपण 'हुंऽऽ' करतो ना? तसंच ते. आई जोर लावत असते."

"पण मला नाही कळत."

आता माझी शिकवण्याची पद्धत अशी, की सांगून कळलं नाही तर करून दाखवायचं. बेरीज कळली नाही तेव्हा मी चिंचोके झालो आहे... म्हणजे चिंचोके वापरले आहेत. सूर्य कळला नाही तेव्हा मात्र खरोखर सूर्य झालो आहे. मी म्हणालो, "चल, तालीम करू. मी आई, तू सुईणबाई."

"मग गाऊन घाल!"

"गाऊन कशाला?"

"आई घालते."

घातला. मुलीचा ढगळ गाऊन, त्यावर टपोरी निळी फुलं.

"पोट कुठंय?"

पोट म्हणून कापसाची मोठी उशी गाऊनच्या आत गेली आणि वरून ओढणीने करकचून बांधली गेली. भिंगरीने कपाळाला ओला टॉवेल गुंडाळला. तो माझ्या टकलावरून घसरायला लागला, म्हणून तिने तो सगळ्या डोक्याभोवतीच आवळला. मग मी दाराकडे पाठ करून टबात बसलो.

"ओरड!" भिंगरी म्हणाली.

"हुं."

"हे काय आजोबा? खरं वाटत नाहीये!"

मंडळी, कामात कसूर मला आयुष्यात सहन झालेली नाही. मी छाती भरून श्वास घेतला आणि असा काही ओरडलो की स्वयंपाकघरातलं झाकण पडलं! भिंगरीने पटकन माझा हात धरला. "छान चाललंय. श्वास घे. सोड. मी आहे इथे." अहाहा! काय विद्यार्थिनी! मी खूश होऊन पुन्हा ओरडलो. मग आणखी एकदा, केवळ आनंदाने.

आमच्या शेजारी शिंप्याचं दुकान आहे. शिंपीकाका खिडकीशी धावत आले. "भिंगरे! काय झालं गं?"

भिंगरीने शिकवल्याप्रमाणे शांतपणे उत्तर दिलं, "बाळ येतंय काका. घाबरायचं नाही. ते ओरडणं म्हणजे कपाट ढकलण्यासारखं असतं."

"अरे देवा! आणि घरात मोठं कोण आहे?"

"मीच आहे."

शिंपीकाका मोजपट्टी गळ्यात घेऊनच फोनकडे पळाले. मी "अहो काका!" म्हणून उठायला गेलो आणि तिथेच घोटाळा कळला. कापसाच्या उशीने टबातलं निम्मं पाणी पिऊन टाकलं होतं! पोटावर जणू सिमेंटचं पोतं. टबाच्या कडा बुळबुळीत, गाऊन गुडघ्यांत अडकलेला, ओढणीची गाठ ओली होऊन दगड झालेली. मी उठायचो आणि धपकन खाली बसायचो. प्रत्येक वेळी तोंडातून अस्सल आवाज निघत होता. आता अभिनयाची गरज उरली नव्हती.

"आत्ता खरं वाटतंय!" भिंगरी म्हणाली.

इकडे शिंपीकाकांनी बेकरीत फोन लावला. जावयाने बायकोला फोन लावला. शिकवताना ती फोन उचलत नाही, तसा आताही उचलला नाही; म्हणजे ती नक्कीच टबात असणार असं धरून जावई ॲप्रनसकट धावत सुटला. दारातून आत आला तो पिठाने पांढराफटक. समोर पाठमोरा गाऊन, डोक्याला टॉवेल, पाण्यात कण्हणं! त्याने गुडघे टेकले आणि मागून मला घट्ट मिठी मारली.

"आलो गं मी! या खेपेला दाराबाहेर नाही. काहीही झालं तरी हात सोडणार नाही!"

मला गहिवरून आलं. बोलायला शब्द फुटेना.

"आणि बाबांना बागेत धाडलंस ना? बरं केलंस! ते असते तर त्यांनाच आधी सांभाळावं लागलं असतं!"

आता मात्र शब्द फुटले. "जावईबापू, मी ऐकतोय."

जावयाच्या तोंडून जो आवाज निघाला, तो माझ्या तालमीतल्या कुठल्याही आवाजापेक्षा मोठा होता!

नेमक्या त्याच क्षणी दारात दोघी उभ्या. माझी मुलगी आणि सुईणबाई! सुईणबाईंची जवळची एक भेट लवकर आटोपली होती आणि कोपऱ्यावर मुलीने त्यांना गाडीत घेतलं होतं. मागे शिंपीकाका, हातात कात्री. कशाला आणली होती ते त्यांनाही सांगता आलं नाही.

मी मनात म्हणालो, संपलं! पाणी आहे, जागा आहे, पण माणसं? एक पिठाचा पुतळा आणि एक फुलाफुलांच्या गाऊनमधला अडकलेला मास्तर! माझ्या पोरीने एकच गोष्ट मागितली होती आणि ती मी टबात बुडवली. मी तिच्याकडे बघायचं धाडस केलं. तिने दोन्ही हातांनी पोट धरलं होतं. रडत असावी असं वाटलं. पण ती हसत होती! हसून हसून भिंतीला टेकली होती.

सुईणबाई मात्र हसल्या नाहीत. चपला काढल्या, हात धुतले, टबात कोपर बुडवून पाहिलं. "पाणी छान आहे." मग भिंगरीकडे वळल्या. "काय हो बाई, पेशंट कसा आहे?"

"खूप ओरडतो," भिंगरी गंभीरपणे म्हणाली. "पण आता ऐकायला लागलाय."

"आजोबा, ओणवे व्हा," सुईणबाई मला म्हणाल्या. "गुडघे टेका, हात कडेवर. उठायची घाई नको. श्वास सोडताना उठायचं."

"बाबा, समोर बघा," मुलगी शिकाऊ ड्रायव्हरला सांगावं तशी म्हणाली. "हळूहळू. आपल्याला कुठे जायची घाई नाही."

त्या दोघींच्या आवाजात काय होतं कोण जाणे! माझी धडधड थांबली. मी श्वास सोडला आणि चक्क उभा राहिलो. त्याबरोबर ओढणी सुटली आणि उशी गाऊनमधून 'डुबुक' करून पाण्यात पडली.

आम्ही सगळे बावळटासारखे बघत राहिलो. हलली फक्त भिंगरी. तिने दोन्ही हातांनी उशी उचलायला घेतली, जावयाला म्हणाली, "बाबा, धर. हळू." कोरडा टॉवेल आणला, उशी हलक्या हाताने पुसली, दुसऱ्या कोरड्या टॉवेलात गुंडाळली आणि ती माझ्या ओल्या छातीवर टेकवली. मग ओठांवर बोट ठेवलं. "आता कुणी मोठ्याने बोलायचं नाही. बाळाला आजोबांच्या कुशीत राहू दे."

शिंपीकाकांनी कात्री पाठीमागे लपवली.

सुईणबाईंनी बॅग उचलली. "घर तयार आहे," त्या म्हणाल्या. "हिच्यासारखी मदतनीस मला सगळीकडे मिळाली तर किती बरं होईल. कोणी शिकवलं गं तुला?"

भिंगरीने माझ्याकडे बोट दाखवलं. मी गाऊन सावरून ताठ उभा राहिलो.

"छान शिकवलंत, आजोबा," सुईणबाई म्हणाल्या. "आता त्या दिवशी तुम्ही स्वयंपाकघरात बसायचं. दार लावून."

आणि तो दिवस आला. उजेडाची, निवांत सकाळ. मी स्वयंपाकघरात पाण्याच्या पातेल्याकडे बघत बसलो होतो. खिडकीतून शिंपीकाकांनी डोकावून विचारलं, "मास्तर, आज खरं का?" मी मान डोलावली आणि ते पाऊल न वाजवता निघून गेले. पलीकडून पाण्याची खळखळ येत होती, सुईणबाईंचे दोन-चार शब्द, जावयाचं "मी आहे, मी आहे", आणि मुलीचा लांब, खोल, ठाम हुंकार. कपाट ढकलतात ना, तसाच. आयुष्यभर मी वर्गात शौर्याचे धडे शिकवले, पण शौर्याचा आवाज असा असतो हे मला त्या बंद दाराआड कळलं. मी पातेल्याचा काठ घट्ट धरून बसलो होतो. पाणी उकळत नव्हतं, कारण शेगडी पेटवायचं मी विसरलो होतो.

मग एक नवा, चिरका, संतापलेला आवाज आला आणि माझ्या डोळ्यांपुढचं पातेलं धूसर झालं.

थोड्या वेळाने दार उघडून भिंगरी आली. मला हाताला धरून आईपाशी घेऊन गेली. मुलगी थकलेली होती आणि तिच्या चेहऱ्यावर जे होतं, ते पहिल्या खेपेला मी पाहिलं नव्हतं. "बाबा," ती म्हणाली, "जसं हवं होतं तसंच झालं." भिंगरीने बाळाला जपून मांडीवर घेतलं आणि ती त्याला नीट न्याहाळत होती.

"काय गं, घाबरलीस का?" मी विचारलं.

"नाही," ती म्हणाली. "हे उशीपेक्षा कितीतरी हलकं आहे. आणि आई तर तुझ्या निम्म्यानेसुद्धा ओरडली नाही, आजोबा!"