दोन मडकी आणि माझी बदली

इंग्रजी शिकवावी तर आम्हीच! हे मी माझ्याच तोंडानं सांगतो आहे, कारण सावली नावाच्या गावात ते सांगणारं दुसरं कोणी नव्हतं. साल बावन्न. देशात पहिली निवडणूक होऊन गेली होती, मालगुजारी, म्हणजे इकडची जमीनदारी, बुडाली होती, आणि मी नागपूरच्या महाल भागातून येऊन सावलीत आदळलो होतो. या तिन्ही घटनांपैकी शेवटचीच मला देशाच्या दृष्टीनं गंभीर वाटत होती!

सरकारनं मोठ्या माणसांसाठी वर्ग काढले होते. दिवेलागणीला शाळेच्या ओसरीवर कंदील टांगायचा आणि जमेल त्याला इंग्रजी शिकवायची, हे माझं काम. एक दिवस वरून फर्मान आलं, की इंग्रजीबरोबर लोकशाहीचे आणि माणसाच्या हक्कांचे शब्दही शिकवा. व्होट, राइट, फ्रीडम, इक्वॅलिटी वगैरे. चांद्याहून शिक्षणखात्याचे साहेब येऊन परीक्षा घेतील.

हे साहेब मागल्या खेपेला मला म्हणाले होते, "किन्हेकर, वर्ग चांगला दाखवा, नागपूरची जागा तुमची!"

बस्स! मी त्याच रात्री ट्रंक भरली, वरून सुंभाची दोरी आवळली आणि दाराशी आणून ठेवली. घाईत टॉवेलही आत गेला. पण दोरी सोडणं म्हणजे अपशकुन! तेव्हापासून मी अंघोळ करून धोतरालाच अंग पुसत होतो. नागपूरसाठी माणूस काय काय सोसतो!

आता माझे विद्यार्थी सांगतो. गुणवंतराव हे गावचे मालगुजार, म्हणजे आता माजी. त्यांना तहसीलदाराशी इंग्रजीत बोलायचं होतं. मुश्ताक शिंपी. त्याच्या शिलाई मशीनवर इंग्रजीत काय कोरलं आहे, ते वाचल्याशिवाय त्याला चैन पडत नव्हतं. सुगंधाबाई ही गावची सुईण. तिला दवाखान्यातल्या बाटल्यांवरची नावं वाचायची होती. आणि वारलू, पलीकडच्या जंगलातल्या गावाचा, जंगलखात्यात चौकीदार.

"तुला कशाला हवी रे इंग्रजी?" मी त्याला पहिल्याच दिवशी विचारलं होतं.

"साहेब लोकं माह्यासमोर माह्याचबद्दल इंग्रजीत बोलते, मास्तर. मी हात जोडून उभा ऱ्हातो. शिवी देऊन राह्यले का शाबासकी, मले समजत नाई. एक डाव समजलं पायजे."

बाकीची दहा-बारा डोकी होती, ती या चौघांच्या मागून ओरडायची.

पहिला शब्द घेतला इक्वॅलिटी. "इक्वॅलिटी म्हणजे समता! सगळी माणसं सारखी! कोणी उंच नाही, कोणी खाली नाही!" मी ओसरीवर हात पसरून सांगितलं.

सगळा वर्ग गुणवंतरावांकडे पाहू लागला. कारण सगळा वर्ग चटईवर बसला होता आणि गुणवंतराव घरून आणवलेल्या वेताच्या खुर्चीवर!

गुणवंतरावांनी मिशीवरून हात फिरवला. "मास्तर, हा शब्द परीक्षेले हाये का?"

"आहे."

"हाये तं मंग खुर्ची कोनाची, ते व्होटावर ठरवा!"

वा! मला असंच काहीतरी हवं होतं. वर्गाचा अध्यक्ष निवडायचा, खुर्ची अध्यक्षाची. आधी रंगीत तालीम, मग साहेबांपुढे तोच खेळ. पण गुणवंतरावांच्या विरुद्ध उभं कोण राहणार? कोणी कंदिलाकडे पाहिलं, कोणी आपल्या अंगठ्याकडे. मालगुजारी गेली होती, पण तिचा दरारा अजून गावातून निघाला नव्हता.

"मी उभी राहीन," सुगंधाबाई म्हणाली. "माह्ये गुडघे दुखते. मले खाली बसवत नाई."

मग भाषणं झाली. फ्रीडम ऑफ स्पीच! गुणवंतराव उठले आणि म्हणाले, "माह्या दोन्ही पोरायले या बाईनंच जगात आनलं. हिच्याविरुद्ध मी काय बोलू?" आणि बसले. सुगंधाबाई उठली आणि म्हणाली, "मालक चांगलेच हायेत. फक्त गुडघे माह्ये दुखते." असा जहाल प्रचार मी उभ्या आयुष्यात ऐकला नव्हता!

आता मतदान. खऱ्या निवडणुकीत पडद्यामागे प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी होती, तसं मी चादरीआड दोन भांडी ठेवली. गुणवंतरावांनी घरून पितळेचा गुंड पाठवला, सुगंधाबाईनं आपलं मातीचं मडकं. प्रत्येकाला एक चिंचोका दिला. "याला म्हणतात सीक्रेट बॅलट! कोणी कोणाला मत दिलं, ते ब्रह्मदेवालाही कळणार नाही!"

पहिला मुश्ताक चादरीआड गेला.

ठण्ण!

"मालकाले!" सगळे ओरडले.

दुसरा गेला. टप्प.

"बाईले!"

माझी गुप्त मतपद्धती पार बाजारापर्यंत ऐकू जात होती! मी मतदान थांबवलं, गुंड परत पाठवला, दोन सारखी मडकी आणली, गुणवंतरावांच्या मडक्यावर खडूनं मिशी काढली, दोन्हींच्या बुडाशी तणस, म्हणजे भाताचा पेंढा, घातली आणि सगळ्यांना पुन्हा रांगेत उभं केलं. आता चिंचोका पडला तर मुंगीलाही ऐकू येईना.

सुगंधाबाई निवडून आली. गुणवंतरावांच्या मडक्यात थोडेच चिंचोके निघाले. मी टाळ्या वाजवल्या. मी एकट्यानंच वाजवल्या.

"अन् हे बाकीचे?" वारलूनं थोड्या चिंचोक्यांकडे बोट दाखवलं. "यायचं काय?"

"ते हरले."

"हरले म्हंजे? रुसलेच ना! मास्तर, आमच्या गावात पंचायत बसली अन् एक जरी मानूस नाई म्हनला, तं कोनी उठत नाई. त्याची समजूत काढा लागते. तो हो म्हनला, का मंग सारे संगच जेवते."

"अरे, लोकशाहीत मेजॉरिटी असते! ज्याची मतं जास्त तो जिंकला!"

"असन. पन नाई म्हननारा कोन, ते सांगा. मी त्याची समजूत काढतो."

"ते सांगता येत नाही! सीक्रेट आहे!"

मुश्ताकनं कानामागची खडूची कांडी काढली आणि डोकं खाजवलं. "म्हंजे मास्तरजी, रुसलं कोन ते मालूम नाई. मंग मनवायचं कोनाले?"

यावर त्यांनी जो तोडगा काढला, तो जगातल्या कुठल्याही राज्यघटनेत सापडणार नाही. त्यांनी सगळ्यांनाच मनवायला घेतलं! प्रत्येक जण प्रत्येकाच्या हनुवटीला हात लावू लागला. "मान जा गड्या, बाईचे गुडघे दुखते!" "मी कुठी नाई म्हनलो? तूच मान!" गुणवंतरावांच्या घरून पातेलंभर पोहे आले. माझी तर दोनदा समजूत काढण्यात आली, आणि मी मतच दिलेलं नव्हतं!

शेवटी गुणवंतराव वैतागून ओरडले, "अरे, मी सोता बाईले देल्लं! उमेदवारानं आपल्यालेच मत देनं बरं दिसते का?"

"अन् मी मालकाले देल्लं," सुगंधाबाई म्हणाली.

मग हळूहळू एकेक जण म्हणाला, की आपलं काही म्हणणं नाही. सगळ्यांचं 'हो' झालं, तेव्हा कुठे सुगंधाबाई खुर्चीत बसली. गुणवंतराव चटईवर बसले. सवय नसल्यामुळे पायांचं काय करायचं, ते त्यांना बराच वेळ कळेना. वारलूनं सरकून त्यांना भिंतीशी टेकायला जागा करून दिली.

मी चरफडत घरी गेलो. असा गोंधळ साहेबांपुढे झाला तर संपलंच! पण अंथरुणावर पडल्यावर एक गोष्ट काही डोक्यातून जाईना. हरलेल्या माणसाजवळ जाऊन, 'बाबा, तुला पटलं का?' असं विचारायची रीत माझ्या पुस्तकात कुठे होती? मी बरेच शब्द शिकवले होते. यासाठी माझ्याकडे शब्द नव्हता.

साहेब आले ते जीपमधून, धूळ उडवत. ओसरी सारवली होती, कंदिलाची काच मी स्वतः पुसली होती. साहेबांनी प्रश्न विचारले. गुणवंतरावांनी चटईवरून व्होटचा अर्थ सांगितला. मुश्ताकनं फ्रीडमचं स्पेलिंग मशीनच्या वेगानं म्हटलं. अध्यक्ष सुगंधाबाईनं खुर्चीतून सांगितलं, की राइट म्हणजे जे मागावं लागत नाही, आपलंच असतं ते. साहेब गार! मला मनातल्या मनात महालातली विजेची बत्ती दिसू लागली.

साहेबांनी खिशातून पेन काढलं आणि वर्गादेखत माझ्याशी इंग्रजीत बोलले. म्हणाले, उत्तम काम! मी आजच तुमची नागपूरला बदली लिहितो. या जंगलातल्या लोकांची चिंता करू नका, आठ दिवसांत ते तुम्हाला विसरतील.

मी "थँक यू, सर" म्हणणार, इतक्यात मागून आवाज आला.

"आय ऑब्जेक्ट!"

वारलू उभा होता. हात जोडलेले नव्हते. एका हातानं त्यानं खांब धरला होता.

"काय म्हणालास?" साहेब मराठीवर आले.

"आय ऑब्जेक्ट, साहेब. तुमी मास्तरले ट्रान्सफर म्हनलं. आमी आठ दिवसात फरगेट करू म्हनलं. मले समजलं." मग तो वर्गाकडे वळला आणि त्याचा चेहरा एकदम फुलला. "समजलं रे मले! साहेब बोलले अन् मले समजलं!"

खरं सांगतो, माझे डोळे भरून आले. एवढा अभिमान मला बी. ए. झालो तेव्हाही वाटला नव्हता. आणि त्याच क्षणी माझ्या ध्यानात आलं, की हा माझा सर्वोत्तम विद्यार्थी माझंच नागपूर बुडवायला निघाला आहे!

"बस, वारलू!" मी दटावलं.

"राइट टू स्पीच, मास्तर," गुणवंतराव खालून म्हणाले. "तुमीच शिकोलं."

"मंग व्होट घ्या!" मुश्ताक ओरडला, आणि पाठोपाठ अख्खी ओसरी. "व्होट! व्होट!"

मी आशेनं साहेबांकडे पाहिलं. साहेब रागावतील, पेन चालवतील. पण साहेबांच्या चेहऱ्यावर लग्नातल्या वरबापासारखा आनंद! "किन्हेकर, हे तर जिवंत प्रात्यक्षिक! घ्या मत!"

चादर टांगली गेली. मडकी आली. मुश्ताकनं खडूनं एकावर बैलगाडी काढली, म्हणजे मास्तरला जाऊ द्या. दुसऱ्यावर चूल, म्हणजे मास्तर इथेच राहू द्या. तणस घालायला कोणी विसरलं नाही. सुगंधाबाई चिंचोके वाटत माझ्यापर्यंत आली आणि तिनं माझ्याही हातावर एक ठेवला.

"मला कशाला?"

"तुमी वर्गातले नाई का? इक्वॅलिटी!"

"मग मलाही द्या!" साहेबांनी हौसेनं हात पुढे केला.

"तुमचं मत चांद्याले, साहेब," मुश्ताकनं अदबीनं सांगितलं.

एकेक जण चादरीआड जाऊन आला. सगळ्यात शेवटी मी गेलो. समोर दोन मडकी. एकावर गाडी, एकावर चूल. मनात म्हटलं, किन्हेकर, तू काही या लोकांसारखा भाबडा नाहीस. नागपूर आठव! टांगे आठव, नळाचं पाणी आठव! तिथे डास आहेत, पण वाघ नाहीत! तुझा एक चिंचोका गाडीत पडला तर निकाल काही फिरणार नाही. निदान आपली बाजू मांडल्याचं समाधान!

बाहेरून वारलूचा आवाज आला. "गाडीत एक जरी निंघाला, तं आज कोनी उठाचं नाई. समजूत काढू. साहेबायलेबी बसवू."

मी चिंचोका टाकला.

सुगंधाबाईनं आधी चुलीचं मडकं ओतलं. चिंचोक्यांचा ढीग पडला. मग गाडीचं मडकं उपडं केलं. तणस पडली. तिनं मडकं हलवलं, आत हात घालून चाचपलं, साहेबांनी तर बॅटरी मारून पाहिलं. आत काही नव्हतं.

हळूहळू सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या.

"मास्तर," वारलूनं अगदी हळू विचारलं, "गाडीत तं एकबी नाई. मंग तुमचा चिंचोका..."

"सीक्रेट बॅलट!" मी गरजलो. "सीक्रेट म्हणजे काय, इतक्यात विसरलात? कोणी कोणाला मत दिलं, ते ब्रह्मदेवालाही..."

गुणवंतराव चटईवर बसून मिशीत हसत होते आणि सुगंधाबाई पदर तोंडाला लावून.

साहेबांनी तिथल्या तिथे शेरा लिहिला: 'वर्ग उत्कृष्ट. शिक्षकास येथून हलवू नये.' आणि मला डोळा मारून ते जीपमध्ये बसले!

तुम्ही म्हणाल, किन्हेकर, चुलीत का टाकलात? आता, तो रात्रभर मनवामनवीचा तमाशा साहेबांपुढे नको, म्हणून टाकला असेल. किंवा अंधारात मडकं चुकलं असेल. मतदारानं कारण द्यायलाच पाहिजे, असं कुठल्या कायद्यात लिहिलं आहे? मी सांगायला बांधील नाही!

त्या रात्री घरी आलो आणि ट्रंकेची दोरी सोडली. दुसऱ्या दिवशी अंघोळ करून टॉवेलानं अंग पुसलं. किती दिवसांनी!