जुना टॅब, नवा टॅब आणि अख्खा तांडा

निर्णय घ्यायला मी कधीच वेळ लावत नाही! बायको पाहायला गेलो तेव्हा चहा संपायच्या आत होकार देऊन मोकळा झालो होतो. त्यामुळे जुना टॅब ठेवायचा की नवा घ्यायचा, हा प्रश्न मी शुक्रवारी शाळेतून घरी येता येताच निकालात काढणार होतो.

घाईही होतीच. दारव्ह्याजवळच्या आमच्याच बंजारा तांड्यावरच्या शाळेत मी मास्तर. सोमवारी केंद्रातले, म्हणजे आसपासच्या शाळांचे, सगळे शिक्षक येणार होते आणि त्यांच्यासमोर मी डिजिटल पाठ घेणार होतो. ही जबाबदारी मीच छाती पुढे काढून मागून घेतली होती! आणि माझा सात वर्षांचा टॅब? बोट लावलं की आधी विचार करायचा, मग तापायचा, मग बंद पडायचा. भर पाठात तो आडवा झाला असता तर अख्ख्या केंद्रात माझं हसं झालं असतं.

"मंग घ्या ना नवा," रंजिता म्हणाली. "कायले एवढा इचार करून राह्यले?"

"विचार नाही, अभ्यास!" असं बायकोला सुनावलं आणि तिथेच मी माती खाल्ली. अभ्यास म्हणून तांड्याच्या ग्रुपवर प्रश्न टाकला: जुना टॅब ठेवावा की नवा घ्यावा? कृपया मत द्या.

दुसरीकडे कुठे असं केलं असतं, तर चार अंगठे येऊन विषय संपला असता. पण आमच्या तांड्यात चारचौघांपुढे मांडलेला प्रश्न आपला राहत नाही, तो नसाबीत जातो! नसाब म्हणजे आमची पंचायत. पाचच मिनिटांत तांड्याचे प्रमुख प्रेमसिंग नाईक यांचा फोन.

"मास्तर, रविवारी सकाळी नसाब बसवतो. च्या-पोहे तुह्याकडं. प्रश्न तुहा हाये."

"काका, सहज विचारलं हो! मी प्रश्न परत घेतो."

"पंचाइपुढचा प्रश्न परत घेतेत काय? मास्तर हायेस का कोन?"

रविवारी लिंबाखाली चाळीस माणसं! पंधरा टॅबसाठी, बाकीची पोह्यांसाठी. जुना टॅब मधोमध पाटावर ठेवलेला.

"याच्यावर आरोप काय हाये?" नाईकांनी विचारलं.

"काका, तो हळू चालतो."

"हळू त मी बी चालतो!" ऐंशी वर्षांचे उकंडाकाका उसळले. "मले बी बदलून आनता काय?"

झालं! तांड्यातले सगळे म्हातारे टॅबच्या बाजूला गेले.

"तो तापतो पण," मी चाचरत म्हणालो.

"तुहा बाप काय कमी तापत व्हता? त्याले कोनी काढलं व्हतं का घरातून?" उकंडाकाकांनी विचारलं.

तेवढ्यात माझी याडी, म्हणजे आई, बसंतीबाई, उठून उभी राहिली. उमरखेडला दिलेल्या माझ्या बहिणीशी, उर्वशीशी, ती रोज याच टॅबवर बोलते.

"पोरीचं निसतं कपाळ दिसते मले," याडी म्हणाली. "तोंड याच्या आंधी हा बंद पडते. कपाळासंग बोलून बोलून कटाळली मी!"

उकंडाकाकाही मान डोलवू लागले. मलाही याडीचं वाईट वाटलं. शिवाय केस आपण जिंकली, याचा आनंद वेगळाच!

पंचांनी खाली मान घालून कुजबुज केली. नाईक म्हणाले, "नवा टॅब घ्याचा. आजच!"

सगळ्यात जोरात टाळ्या मी वाजवल्या.

"आन् नवी चीज पयले घरातल्या मोठ्या मानसाच्या हाती. नवा बसंतीबाईले, जुना मास्तरले."

"काका! उद्या माझा पाठ आहे!"

"आमच्या गुरुजीजौळ त खडू बी नव्हता. शिकलोच ना आमी?"

नसाबीचा निकाल मोडायची हिंमत माझ्या आजोबांना झाली नव्हती, मला कुठून होणार? त्याच दुपारी दारव्ह्याहून नवा टॅब आणून याडीच्या हातात दिला. तिनं उर्वशीला पुरती पाहिली आणि तिचे डोळे भरून आले. माझेही आले, पण कारण वेगळं होतं.

सोमवारी केंद्रप्रमुख इंद्रजीत सर पहिल्याच रांगेत बसले. जुना टॅब प्रोजेक्टरला जोडला आणि काय सांगू, चक्क चालला! अपूर्णांक शिकवायला पडद्यावर भाकरीचे चार तुकडे झाले. मी ऐटीत म्हणालो, "आता बघा हं, यातला एक तुकडा..."

आणि भिंतभर याडी! मागे नाईक, उकंडाकाका आणि निम्मा तांडा! तुकड्याऐवजी मी तिचा व्हिडिओ कॉल उचलला होता!

"संज्या, दिसून राह्यली का मी? पंच इचारून राह्यले, जुना बराबर चालते का?"

मी कॉल बंद करायला बोट लावलं. टॅब विचार करू लागला! अंगठा लावला. तो तापू लागला! तोवर नाईकांनी सरांनाच गाठलं.

"सायेब, पोट्टा नीट शिकवते का?"

"हे कोण?" सरांनी मला विचारलं.

"पालक, सर," मी म्हणालो. दुसरं काय सांगणार?

सर खुर्ची पुढे ओढून वीस मिनिटं तांड्याशी बोलले. जाताना त्यांनी शेरेबुकात लिहिलं: 'पाठ अपूर्ण. पालकांचा सहभाग उत्कृष्ट. शिक्षकांनी मध्ये मध्ये बोलू नये.'