शेवंताबाईंची मेंढी

शेवंताबाई मेंढी झाल्या की माणसांशी बोलत नाहीत. एरवी त्यांचं बोलणं सुरू झालं की राणीसावरगावच्या थांब्यावरून समोरची एसटी निघून जाते, पण ते लोकरीचं अंग चढवलं आणि डोकं घातलं, की तोंडातून फक्त "ब्यॅ".

त्यांची अंगणवाडी माझ्या देखरेखीखाली येते. मी पर्यवेक्षिका. एकदा जिल्ह्याहून साहेब तपासणीला आले. "पटावर मुलं किती?" त्यांनी विचारलं. "ब्यॅ," मेंढी म्हणाली. साहेब माझ्याकडे बघायला लागले. ते गेल्यावर मी बाईंना चांगलं खडसावलं, तर डोकं काढून म्हणाल्या, "माझं सरळ हाय, मॅडम. मेंढी बोलली की लेकरायचा खेळ मोडतोय. साहेब काय, पुन्ना येतेत."

बाईंच्या माहेरी मेंढरं. तिकडून लोकर आणून, पोत्यावर टाचून त्यांनी ही मेंढी स्वतः शिवलेली. पुढून चेन, लोंबते कान आणि हे गरगरीत पोट. लस टोचायच्या दिवशी इतर गावांत रडारड असते. इथे नर्सताई आधी मेंढीला खोटी सुई टोचतात, मेंढी बोंब मारते, मुलं खिदळतात आणि खिदळतच दंड पुढे करतात. ही गोष्ट कुणीतरी वर कळवली आणि दिल्लीच्या शिबिरात करून दाखवायचं बोलावणं आलं. हैदराबादहून विमान. सोबत मी. विमानात बसायची दोघींचीही पहिलीच वेळ.

विमानतळावर पहिल्याच खिडकीशी आम्ही अडलो. बाईंनी मेंढी चादरीत बांधून आणली होती. तिथली मुलगी म्हणाली, एवढं मोठं गाठोडं वर नेता येणार नाही, खाली सामानात टाका.

"सामानात? जनावर असं नजरेआड सोडत न्हाईत आमी."

"अहो, ते जनावर नाही, शेवंताबाई!"

मी हात धरायच्या आत त्यांनी गाठ सोडली, दोन्ही पाय आत घातले आणि चेन ओढली. "आता हे सामान न्हाई. आता हे मी हाय." एवढं बोलून डोकं चढवलं. त्या मुलीनं हसू दाबत आम्हाला पुढे जाऊ दिलं. पण आता बाई बोलणार नव्हत्या, आणि पुढे तपासणी होती.

रांगेत लोक फोटो काढायला लागले. मी दोघींची कागदपत्रं छातीशी धरून मागे चाललेले. तपासणीच्या जागी गणवेशातली एक उंच अधिकारी बाई उभी होती. तिनं मेंढीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"नाम बताइए."

"ब्यॅ."

रांगेतलं हसणं एकदम थांबलं. मी पुढे होऊन माझ्या मोडक्या हिंदीत सांगितलं, की हा त्यांचा उसूल आहे, वाईट मानू नका. बाजूला उभे असलेले दोन जवान जवळ आले. त्यांच्या खांद्याला बंदुका होत्या. "शेवंताबाई, नाव सांगा!" मी ओरडले. "ब्यॅ," आतून आलं, पण या वेळी आवाज बारीक झाला होता.

शेवटी मीच डोकं उपटून काढलं, चेन उघडली आणि त्यांना बाहेर ओढलं. घामानं केस कपाळाला चिकटलेले, ओठ घट्ट मिटलेले. मेंढी एकटी यंत्रात गेली. बाहेर आली. पुन्हा आत गेली. पट्टा थांबला. पडद्यावर पोटाच्या मधोमध एक बारीक, लांब रेघ दिसत होती.

"सुई है. पेट खोलना पड़ेगा," अधिकारी बाई म्हणाल्या आणि त्यांनी कात्री मागवली.

तेव्हा शेवंताबाई बोलल्या. "नक्को, मॅडम. सुई मेरीच हाय. सीते सीते अंदर रह गई. मेरेकू वापस भेजो गावकू, पर पेट नक्को काटो."

आठ दिवस ही बाई पिशवी भरून तयार बसली होती. आता दारातून परत जायला निघाली. तेवढ्यात आमच्या विमानाची घोषणा झाली. माझा तोल सुटला. "एका सुईपायी, शेवंताबाई? दिल्लीला काय तोंड दाखवू मी?" त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या मेंढीच्या पोटावर हात ठेवून उभ्या होत्या.

अधिकारी बाईंनी कात्री बाजूला ठेवली. "ठीक है. आप खुद खोलिए."

शेवंताबाई खाली बसल्या. नखानं एकेक टाका उसवायला लागल्या. दुसरी घोषणा झाली, तरी त्यांचा हात घाईला येईना. मला वाटलं होतं, आत कापूस असेल. आतून एक झबलं निघालं. मग दुसरं, मग आणखी चार. दोन टोपडी. एक दुपटं. प्रत्येक कपडा घडी करून त्या ट्रेमध्ये ठेवत होत्या. सगळ्यात शेवटी लाल कुंची निघाली. तिच्या कडेची शिवण अर्ध्यावर थांबलेली, आणि जिथे थांबली तिथेच सुई टोचलेली, दोऱ्यासकट.

"कितना बड़ा है बच्चा?" अधिकारी बाईंनी विचारलं.

"नौ दिन की."

ट्रेमधली कापडं कधीचीच पिवळी पडली होती. अधिकारी बाईंनी एकदा त्या कापडांकडे पाहिलं आणि ट्रे हळूच शेवंताबाईंकडे सरकवला. मला गावातली सगळी मुलं आठवली, जी त्या पोटाला रोज मिठी मारतात.

शेवंताबाईंनी दोरा दातानं तोडला आणि सुई स्वतःच ट्रेच्या कोपऱ्यात ठेवली. कपडे पुन्हा आत भरले, पण आता पोट शिवायचं कशानं? मी पदराची पिन काढली, मग निऱ्यांची, मग ब्लाऊजला अडकवून ठेवलेल्या दोन. चारही पिना लावून पोट बंद केलं, आणि एका हातानं निऱ्या सावरत, दुसऱ्या हातानं मेंढीचा पाय धरून धावत सुटले. दुसरा पाय शेवंताबाईंच्या हातात. दार बंद व्हायला दोन मिनिटं असताना आम्ही आत शिरलो.

मेंढी मधल्या रिकाम्या जागेवर बसली. तिला आम्ही पट्टाही बांधला. विमान वर गेलं, कान गच्च झाले. अकरा वर्षं मी या बाईच्या अंगणवाडीतल्या प्रत्येक मुलाचं नाव, वजन, उंची तपासत आले होते.

"नाव काय होतं हो तिचं?" मी हळूच विचारलं.

त्यांनी खिडकीबाहेरची नजर काढली नाही.

"बारसं बाराव्या दिवशी असतंय, मॅडम."