मनीषचा मासिक फसवणूक सराव

संकटाचा आधीच सराव केलेला असला, की संकट आल्यावर ते निदान ओळखीचं वाटतं. बोईसरच्या कारखान्यांत हे तत्त्व चांगलं मुरलं आहे. भोंगा वाजला की माणसं शांतपणे विचारतात, "सराव आहे ना?" आणि होकार मिळाला की हातातला चहा संपवून जीव वाचवायला निघतात.

अशाच एका कारखान्यात देखभालीचं काम पाहणाऱ्या मनीषला वाटलं, ही सोय आपल्या इमारतीलाही हवी. मनीष मूळचा जळगावकडचा. त्याच्याकडे दोन फोन होते, झोप मोजणारं घड्याळ होतं (ते रात्रभर थरथरत असल्याने मोजण्याजोगी झोप होत नसे), आणि पासवर्ड इतका भक्कम, की खुद्द मनीषलाही आत शिरता येत नसे. सुरक्षितता म्हणतात ती हीच.

दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मनीष दुसऱ्या सिमवरून शेजाऱ्यांना एक कोड पाठवी आणि मग बँकेच्या साहेबाच्या आवाजात फोन करून तोच परत मागे. जो देईल त्याचं संध्याकाळी गच्चीवर बौद्धिक. पहिल्या महिन्यात निम्मी इमारत फसली आणि मनीष आठवडाभर खुशीत होता. तिसऱ्या महिन्यात कोणीच फसलं नाही. सरावाचा हेतू सफल झाला होता, पण मनीष त्या रात्री जेवला नाही.

त्याची बायको प्रियदर्शिनी हे जिन्यात बोलून गेली. इमारत माणुसकीची होती. शेजाऱ्यांनी मिळून पाळ्या लावल्या: दर महिन्याला दोन घरांनी फसायचं. तळमजल्यावरच्या इंदुबाई (माहेर जवळच्याच पाम गावचं) तर पाळी नसतानाही फसत. "येवडी खटपट करतो पोरगा," त्या म्हणत, "आमी येक आकडा दिला तर काय बिगडनार हाय?"

अशात इंदुबाईंची लेक दीपिका नाशिकला बाळंतपणासाठी दवाखान्यात दाखल झाली. आदल्या खेपेला मूल हाती लागलं नव्हतं. इंदुबाई फोन पोटाशी धरून बसल्या. तेवढ्यात फोन वाजला. हिंदी बोलणारा कोणी साहेब कोड मागत होता. आज शनिवार नव्हता, पण इंदुबाईंना वाटलं, मनीष सुधारला. त्यांनी कोड वाचून दाखवला आणि वर म्हणाल्या, "आज आवाज चांगला काडलास हो." चोराला शाबासकीची सवय नसावी. त्याने आभार मानले.

इंदुबाईंचं व्हॉट्सअ‍ॅप त्याच्या हातात गेलं. त्यांच्या नावाने त्याने साऱ्या इमारतीकडे कोड मागितले. इंदुबाईंना मनीषने हाताखाली घेतलं, असं समजून इमारतीने ते दिले. सर्वात आधी दिला मनीषने. आपली विद्यार्थिनी स्वतः सराव घेऊ लागली हे पाहून त्याचा ऊर भरून आला होता, आणि तिचा हिरमोड करणं त्याला बरं वाटेना.

त्याच वेळी दीपिकाचा निरोप आला: 'आई, मुलगी झाली. दोघी सुखरूप.' तो चोराला मिळाला. त्याने रीतसर उत्तर दिलं: 'बधाई हो. एक कोड आया होगा, भेज दो.'

दीपिकाने ते वाचलं. रंग कोणाचा, नाक कोणाचं, रडली का, यातलं काहीही न विचारणारी ही आई तिला अनोळखी वाटली. तिने सरळ फोन लावला. इंदुबाईंना पलीकडून आधी बाळाचं रडणं ऐकू आलं, आणि मग त्याच रडत बसल्या. दीपिकाने कळवल्यावर इमारतीला फसवणूक उमगली, पण ती इंदुबाईंना सांगायला बराच वेळ कोणी पुढे झालं नाही.

मनीषने पोलिसांत तक्रार दिली आणि इंदुबाईंची माफी मागितली. "जाऊ दे," त्या म्हणाल्या, "पुडच्या म्हयन्यात परत फसू." मग त्याने अहवाल लिहिला. सहभाग: शंभर टक्के. प्रतिसाद: तत्पर. त्रुटी: दीपिका हिने कोड न देता साधा फोन लावला, ही पद्धत आपल्या अभ्यासक्रमात नाही, तिला प्रशिक्षण द्यावे.

वाचकहो, आपण हसलात, म्हणजे सावध आहात. फक्त एक पाहून घ्या. उद्या आपल्या आईच्या नावाने निरोप आला, तर 'ती असं बोलत नाही' हे कळण्याइतकं तिचं बोलणं आपल्या कानात आहे का? नसेल, तर कोड तयार ठेवा.