तीन वीसची दुर्बीण

त्या शनिवारी नागेशच्या पदरात पडणार होती अठ्ठावीस मिनिटं. हिशेब साधा होता. घशातून पोटात घालायच्या लांब, काळ्या दुर्बिणी धुवायच्या, हे वर्ध्यातल्या एका दवाखान्यात त्याचं काम. एकेक दुर्बीण धुतली, की औषधात कधी बुडवली, कधी काढली, कुठे सुकवली, ते सगळं रजिस्टरात लिहायचं. त्यात चार मिनिटं जात. आज तपासण्या सात. सात चोक अठ्ठावीस. तेवढी वाचली तर चारची एसटी, आणि त्या एसटीच्या टोकाला रोहण्यात, सासरेबुवांच्या वावरात, गोवऱ्यांवर भाजलेले गरम रोडगे नि वांग्याची भाजी. सहाच्या एसटीने गेलं तर भेटणार फक्त मेहुणा विक्की, ढेकर देत बसलेला.

धुण्यात नागेश एक सेकंद चोरत नसे. नळीत ब्रश असा फिरवी, जणू आत सासूबाईंची बुगडी अडकली आहे. औषधात वीस मिनिटं म्हणजे वीसच. त्याला जीवघेणा कंटाळा होता तो लिहिण्याचा. म्हणून सकाळी दहालाच त्याने दिवसभराच्या सातही नोंदी सहीसकट भरून टाकल्या. आपणच घड्याळ आहोत, मग घड्याळाकडे बघून काय लिहायचं!

साडेदहाला डॉक्टरांच्या सासूबाई अमरावतीला न्हाणीत घसरल्या. डॉक्टर तिकडे धावले, सातही तपासण्या सोमवारवर गेल्या. अठ्ठावीस मिनिटं मागणाऱ्याला अख्खा दिवस फुकट मिळाला. नागेशने पिशवी खांद्याला लावली आणि दारातच नागपूरहून पाहणीला आलेल्या मोहिनी मॅडमवर आदळला.

मॅडमनी रजिस्टर उघडलं. भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. परत रजिस्टरात पाहिलं.

"आत्ता पावणेअकरा झालेत. तुमची सातवी दुर्बीण तीन वाजून वीस मिनिटांनी औषधातून निघालीसुद्धा?"

इन्चार्ज सुलोचनाबाई सिस्टर पंख्याची पाती मोजू लागल्या. नोकरी डोळ्यांपुढून जाताना दिसली, तसा नागेशच्या तोंडून शब्द निसटला.

"सराव हाय मॅडम. पेशंट नसले का मी साफ दुर्बीणच धुतो. टाइमटेबल लावून."

मॅडमचा चेहरा उजळला. त्यांनी स्टूल ओढलं, चहा मागवला आणि म्हणाल्या, "मग करा सुरू. मी बसते."

सिस्टर कानाशी आल्या. "लिहून राह्यला होता तवा मले विचारलं काऊन नाई? आता धू."

नागेशने धुतली. ब्रश, औषध, वीस मिनिटं, स्वच्छ पाणी, हवा मारून सुकवणं. पुन्हा तेच. चौथ्या आंघोळीला ती दुर्बीण नव्या नवरीसारखी लखलखत होती. पाचव्याला रक्षाचा, म्हणजे बायकोचा, फोन आला. वांगी चिरली, निघाले का? नागेशने सगळी कहाणी सांगितली. पलीकडे बराच वेळ नुसतं हसणं ऐकू आलं.

सातव्यांदा ती दुर्बीण औषधातून बरोब्बर तीन वीसला निघाली. साडेतीनला ती सुकून टांगली गेली. बसस्टँड पाच मिनिटांवर होतं. नागेशचा हात पिशवीकडे गेला.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "प्रत्येक नोंदीपुढे मी 'समक्ष पाहिले' असं लिहिते. तुम्ही एकेक वाचून दाखवा."

एका नोंदीला चार मिनिटं लागली. सात चोक अठ्ठावीस. खाली मॅडमनी शेरा मारला: काम उत्कृष्ट, हा सराव दर शनिवारी चालू ठेवावा. सिस्टरनी त्यावर मनापासून सही केली.

सहाच्या एसटीने रोहण्यात पोचला तेव्हा अंधार पडला होता. रक्षाने दोन रोडगे झाकून ठेवले होते, थंड, पण तुपात बुडवलेले. नागेशने ते बोटं चाटून खाल्ले. मग तिने त्याच्यापुढे काळेकुट्ट गंज, म्हणजे पातेली, आणि पराती आणून मांडल्या. सासरे रूपराव "अवं, जवाई हायेत ते" म्हणत उठले, तर तिने त्यांनाच खाली बसवलं.

"साफ दुर्बीण सात वेळा धुतली म्हंता," ती नागेशला म्हणाली. "हे तं खरकटे हायेत."

तर शनिवारचा ताळेबंद असा: मॅडमना पाच कप चहा, विक्कीला नऊ रोडगे, दुर्बिणीला सात आंघोळी. नागेशच्या नावावर तीच दुर्बीण सात वेळा आणि अकरा भांडी. पैकी भांड्यांची नोंद कुठल्याच रजिस्टरात नाही.