सहा बरण्या, एक रिकामी

वडिलांचं कपाट आवरायला अर्धा तास पुष्कळ झाला, असं लेकीने शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंना फोनवर छातीठोकपणे सांगितलं होतं. वडिलांनी तीस वर्षं त्याच शाळेत जीवशास्त्र शिकवलं. पाठीचा कणा नसलेल्या प्राण्यांच्या त्यांच्या सहा बरण्या, साध्यापासून गुंतागुंतीच्यापर्यंत लावलेल्या, आता वर्गात जायच्या होत्या. सहाच्या सहा द्यायच्या, एवढंच तिने मनाशी धरलं होतं. त्यांच्यासाठी करण्यासारखं दुसरं काही उरलं नव्हतं.

जेलीफिश, गांडूळ, गोगलगाय, खेकडा, तारामासा, सगळे जागच्या जागी. पहिलीच बरणी मात्र रिकामी.

"आई, यातला प्राणी कुठाय?"

आई तडक खुर्चीवर चढली. केवढा आहे, चावतो का, स्वयंपाकघरात तर शिरला नाही ना, अशी चौकशी तिने वरूनच सुरू केली. लेकीने समजावलं, की त्याला तोंडच नाही, पोट नाही, मेंदू नाही. अंगावरच्या भोकांतून पाणी आत घेतो, त्यातलं अन्न गाळून जगतो आणि जन्मभर एका जागी चिकटून राहतो. शिवाय हा तर नुसता त्याचा सांगाडा. सांगाडा म्हटल्यावर आईने साडीही वर खोचली.

तेवढ्यात बाई दारात हजर. लेकीने त्यांना बसवलं, खेकड्याच्या पायांविषयी नको इतकं विचारलं आणि शेवटी कबूल केलं, की स्पंज हरवलाय.

"स्पंज?" आई खाली उतरली. "मग तसं सांग की! तो न्हाणीघरात खिळ्याला आहे. तुझे बाबा त्याला साबण लावून पाठ घासायचे. शाळेत न्यायच्या दिवशी तेवढा बरणीत."

लेकीला कुठे तोंड लपवू असं झालं. बाईंनी मात्र स्पंज हातात घेतला, दाबला, हुंगला. चेहरा उजळला त्यांचा.

"हाच. मी सरांचीच विद्यार्थिनी. त्याला लिंबाचा वास येतो, असं मी परीक्षेत लक्षणांमध्ये लिहिलं होतं."

लेकीचा जीव भांड्यात पडला आणि हसूही आवरेना. "मग बाबांनी काय केलं?"

"अर्धा मार्क दिला."